आक्काची थंडी

आक्का माझी थोरली बहीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उमरठच्या वाटेवर एका वाडीत तिचं घर. भावोजी मुंबईला नोकरीला. शेत आणि दोन गाई ती आणि तिची मुलगी बघायच्या. मी महाडला शाळेत शिकवते. आम्हा दोघींचाही थायरॉईड मंद असल्याचं निघालं, आधी माझा, मग तिचा.

त्या होळीला ती माझ्याकडे आली तेव्हा चांगलीच बारीक झाली होती. खूश होती.

"जावेनं मुंबईवरनं पावडर आणली," ती म्हणाली. "रात्री भात नाय, भाकरी नाय. पावडर पाण्यात घालायची न् प्यायची."

"आणि गोळी?"

"सोडली. हिच्यानं थायरॉईड मुळासकट जातो म्हणे."

"आक्का, तो असा जात नाही. गोळी सोडू नकोस."

ती हसली. "तू रोज गोळी खातेस. तुझी कंबर बघ आधी."

मे महिन्यात मी वाडीवर गेले. अंगणात पाय ठेववत नव्हता इतकं ऊन, आणि त्या उन्हात आक्का स्वेटर घालून बसली होती. चेहरा सुजलेला, भुवया विरळ, आवाज पुरुषासारखा घोगरा. वजन परत आलं होतं, आधीपेक्षा जास्तच.

"सकाळचं जेवण पण बंद केलंय," ती सावकाश म्हणाली. "तरी वाढतंय गो. हवा खाऊन फुगतंय जसं."

भाचीनं मला गोठ्यामागे नेलं. "मावशी, आई दूध काढता काढता झोपते. परवा चुलीवर भात करपला, घरभर धूर झाला. आई तिथंच बसलेली. हाक मारली तर म्हणाली, कसला धूर?"

मी आक्काला म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे चल. तिनं मान हलवली. "डॉक्टर नको. मला सवला ने. गरम पाण्यात बसले की हाडातली थंडी जाईल."

सव महाडजवळच, तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथून थेट डॉक्टरकडे यायचं, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी खाली आलो आणि पुढं रिक्षा केली. कुंडाच्या कडेला बायका पाय बुडवून चटकन वर घेत होत्या. आक्का त्यांच्यामधून पायऱ्या उतरली आणि थेट गळ्यापर्यंत पाण्यात बसली.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. "पाणी गार हाय," ती म्हणाली.

बाजूच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी तिला वर यायला सांगितलं, पण ती हलली नाही. तिचे डोळे मिटत गेले आणि मान कलली. भाची कपड्यांसकट पाण्यात उतरली. दोन बायकांनी हात दिला तेव्हा कुठं आम्ही तिला वर घेऊ शकलो. ओठ निळसर पडले होते. रिक्षावाला तिथंच थांबला होता म्हणून बरं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ बोट काढलं नाही. गोळी कधीपासून बंद आहे, खाणं काय आहे, एवढंच विचारलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "अजून थोडे दिवस घरी राहिल्या असत्या तर झोपेतून उठल्याच नसत्या."

तिला दाखल करून घेतलं. पुढचे काही दिवस आक्काचे डोळे मिटले की भाची तिचा खांदा हलवायची. "आई, जागी हायस ना?" नर्स रागवायची, तरी हलवायचीच.

डॉक्टरांनी नंतर सगळं समजावून सांगितलं. थायरॉईड मंदावला की शरीर शक्तीचा खर्चच कमी करतं. त्यात उपाशी राहिलं की आणखी हात आखडतं. होळीला उतरलेलं वजन उपासमारीचं, आणि मेमधली बरीचशी सूज अंगात साठलेल्या पाण्याची. आता ती सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेते, चहा त्यानंतर तासाभरानं. रक्तवाढीची गोळी वेगळी, दुपारनंतर. नाचणीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी, मासळी मिळाली तर मासळी, थोडा भात. रात्रीचं जेवण ती चुकवत नाही. सूज उतरली, वजनही उतरतंय, पण फार हळू. होळीला होती तशी बारीक ती पुन्हा झालेली नाही.

त्या उन्हाळ्यातलं तिला काही आठवत नाही. "मी कधी गेले सवला?" असं ती विचारते, आणि आम्ही सांगितलं की आमच्याकडे संशयानं बघते.

मुलीचीही तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. लावणी, गणपती, कापणी करता करता ते राहिलं. हल्ली भाचीचे केस गळतात, दुपारी डोळे जड होतात. काल तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायचा आहे, म्हणून मायलेकी माझ्याकडेच राहिल्या आहेत.

आज जेवताना भाचीनं मला हळूच विचारलं, "मावशी, गोळी घेतली तर माणूस बारीक होतो का?"

आक्कानं ते ऐकलं. तिनं मुलीच्या ताटात भाकरी वाढली. मुलीनं तुकडा मोडला आणि तो नुसताच बोटांत धरून बसून राहिली.