दहाव्याला कबूल केलेला सुपरचार्जर

माझा धाकटा भाऊ गेला तो ऑफिसच्या खुर्चीत, छातीत कळ येऊन. रेसच्या ट्रॅकवर नव्हे. त्यामुळे गाडीला बोल लावण्यासाठी नातेवाइकांनी तयार ठेवलेली भाषणं फुकट गेली.

गाडी दोन सीटची, लाल, जमिनीला घासणारी. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला, पार्किंग मिळालं, आणि त्याने ती जुनी विकत घेतली. वर्षातून दोनदा ती ट्रकवर चढवून कोईमतूरच्या ट्रॅकवर न्यायची, दोन दिवस गोल फिरवायची आणि ट्रकवर चढवून परत आणायची. मी ग्रंथालयात काम करतो. "निघालास तिथेच पोचायला एवढी घाई कसली?" असं मी विचारायचो. तो हसायचा. शेवटी शेवटी त्याने सुपरचार्जर मागवला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंप इंजिनात जादा हवा कोंबतो. मग पेट्रोलही जास्त जळतं आणि गाडी जास्त पळते. तो खोक्यातच राहिला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू, असं मोठ्याने सांगायची रीत. मामांनी भावाच्या मुलीचं शिक्षण कबूल केलं. काकांनी कोकणातल्या घराची कौलं. कावळे कठड्यावर बसून सगळं ऐकत होते, सोसायटीच्या सभेला बसावं तसे. तेवढ्यात भावाचा रे रोडचा मेकॅनिक माझ्या कानाशी लागला.

"दादा, सुपरचार्जर बोला."

"इथे?"

"बोला तर. आणि जरा जोरात."

भटजींच्या देखत मी म्हणालो, "तुझा सुपरचार्जर बसवतो रे."

कावळा आला. कावळ्यांवर माझा विश्वास नाही. दिलेल्या शब्दावर आहे, हीच पंचाईत.

तीन रविवार मी रे रोडच्या शेडमध्ये पुस्तक घेऊन बसलो. मेकॅनिकने पंप बसवला, पट्टा ताणला, मग लॅपटॉप जोडून पेट्रोलचं प्रमाण वाढवलं. "नुसती हवा वाढवली तर इंजिन जळेल," तो म्हणाला.

मामांनी मात्र पळवाट शोधून ठेवली होती. "बसवतो म्हणालास ना? चालवतो कुठे म्हणालास? सुटलास. आता विकून टाक."

भावजय भाजी निवडत होती. "शोकेसमध्ये ठेवायला मागवला होता काय त्यांनी, मामा? मी चालवणार. मग विकू."

कोईमतूरला आम्ही तिघे गेलो. मला गाडी येत नाही, म्हणून मी मेकॅनिकबरोबर कडेला उभा. भावजयीने हेल्मेट घातलं आणि तीन फेऱ्या दादरच्या मंडईतून वाट काढावी तशा मारल्या. मागचे कंटाळून पुढे निघून गेले. मेकॅनिक कपाळावर हात मारून ओरडत होता, "वहिनी, दाबा की! एवढी हवा कोणासाठी भरली?"

चौथ्या फेरीत तिने दाबलं. पंपाची बारीक शिट्टी चढत चढत गेली आणि माझ्यासमोरून नुसता लाल रंग निघून गेला.

ती परतली, हेल्मेट काढलं. चेहरा ओला होता. ट्रॅकवर ऊनही बरंच होतं.

"झालं त्यांचं," ती म्हणाली. "आता विकूया, दादा."

मेकॅनिकनेही मान डोलावली. शब्द पाळला गेला होता. हरकत घ्यायला मला काही कारण नव्हतं.

"टाकीत थोडं पेट्रोल उरलं असेल," मी म्हणालो. "अजून एक फेरी मारतेस?"