समुद्रातला अनोळखी हात

माझा मोठा भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. परवा दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आईला बोलाव, गंमत दाखवतो," म्हणाला आणि त्याने फोन समुद्राकडे वळवला.

जवळच दोन राखाडी युद्धनौका समोरासमोर उभ्या होत्या. एक होती कित्येक पिढ्या या समुद्रावर हुकमत गाजवणाऱ्या देशाची. दुसरी, आता ती हुकमत आपल्याला हवी म्हणणाऱ्या देशाची. कुणीच हटेना, म्हणून दादाचं जहाज सकाळपासून खोळंबलं होतं.

"भांडण कशावरून रे?" आईने विचारलं.

"आधी बाजूला कुणी व्हायचं, यावरून."

तेवढ्यात नव्याने हुकमत मागणाऱ्या देशाच्या नौकेवरच्या एका खलाशाने दादाकडे बघून हात हलवला. दादानेही हसून हात वर केला. लगेच मागून कप्तान ओरडला, "हात खाली घे! ते पलीकडच्या नौकेवरचे बघतायत."

दादाचा हात खाली आला. हसूही गेलं.

मोठ्या देशांची भांडणं मी रोज बातम्यांत ऐकते आणि भाजी निवडत राहते. जुन्याला उतरायचं नसतं, नव्याला थांबायचं नसतं, एवढं मलाही कळतं. पण अनोळखी माणसाला साधा हात केला तरी ते बाजू घेणं ठरतं, हे त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

"ठेवतो गं," दादा हळूच म्हणाला. फोन बंद होता होता मला दिसलं, समोरचा खलाशी अजून हात हलवतच होता आणि त्याच्यामागे काही माणसं तोफेवरचं कापड काढत होती.