आजोबांचं पोटाचं दुखणं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी आजोबांच्या नावाने घागर भरली जायची आणि त्यांच्यासाठी वेगळं पान वाढलं जायचं. आम्हाला पुरणपोळी आणि झणझणीत रशी, आजोबांना दूधभात. ते पोटाच्या दुखण्याने गेले होते, म्हणून मेल्यावरही त्यांना तिखट वर्ज्य. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. पण त्यांचं दुखरं पोट घरातल्या माणसासारखं माझ्या ओळखीचं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तेही दूधभातच खायचे. ते सैन्यात होते. वर बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे डब्यातलं अन्न आणि वितळवलेलं पाणी यांवर काढले आणि तिथंच त्यांना रक्ताचे जुलाब सुरू झाले. मोठ्या आतड्याला जखमा झाल्या होत्या. अर्ध्यावरच त्यांना घरी पाठवलं गेलं, आणि अपंगत्वाचं पेन्शन मागितलं तर उत्तर आलं की हा आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही. मग धुळ्याकडचं गाव सोडून आम्ही सुरतला आलो. पर्वत पाटियाला कापडाच्या मार्केटात आबा वॉचमन झाले. तिथलं संडास दोन मजले वर होतं. सारखी खुर्ची रिकामी दिसते म्हणून शेटने त्यांना काढलं. त्यानंतर सुरतमधल्याच कोसाडच्या आमच्या घरात ते कायम मोरीच्या दाराशी बसलेले असायचे. पैशापेक्षा त्यांना एकच गोष्ट लागून राहिली होती. "भरती व्हयनू तवय दगड पचाडू मी," ते म्हणायचे. भरतीच्या वेळी त्यांचं पोट धडधाकट होतं, हे कुणीतरी कागदावर कबूल करायला हवं होतं.

अपील मी लिहिलं. तेव्हा मी दहावीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. "तुन्हं अक्षर चांगलं शे, तूच लिख," म्हणून आबांनी कागद पुढे सरकवला. ते सांगत गेले, मी हिंदीत उतरवत गेले. शेवटी मला ते सगळं फारच कोरडं वाटलं. साहेबाला वाचून दया यावी म्हणून मी माझ्या मनाने एक ओळ घातली : माझे वडीलही पोटाच्याच आजाराने गेले, म्हणून मला माझ्या जिवाची भीती वाटते. आबांनी न वाचता सही केली. मुलीने लिहिलेलं काय वाचायचं?

उत्तर यायला वर्ष लागलं. अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यावरून हा आजार घराण्यातून आलेला दिसतो, असं त्यात होतं. अपील फेटाळलं होतं. आबांनी ते दोनदा वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ते फक्त उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला खरं सांगितलं. आजोबांना पोटाचं काहीच नव्हतं. ते हातभट्टीची पिऊन नाल्यात पडले आणि सकाळी तिथंच सापडले. आत्याचं लग्न तोंडावर होतं. सासरच्यांनी मोडू नये म्हणून सतरा वर्षांच्या आत्याने गावभर सांगितलं की बाप पोटाच्या दुखण्याने गेला. दूधभाताचं पानही तिनंच सुरू केलं होतं.

दुसऱ्या अपिलासाठी तिचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. आत्या बारडोलीला राहायची, तिचे यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही गेलो तेव्हा ती सुनांना आत पाठवून आमच्यासमोर बसली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, बापले मरावर मी चांगला करेल शे. तू त्याले आते उघडा नको करू."

 आबांनी तिच्या घरातलं संडास कुठे आहे ते विचारलं. ते परत येईपर्यंत आत्याने सही केली होती. त्यानंतर ती आमच्याकडे आखाजीला कधी आली नाही.

त्या वर्षी आबांनी आजोबांच्या पानावर दूधभात वाढला नाही. लालभडक रशी वाढली, वर कुरडया ठेवल्या. मला ते पान बघवेना. इतकी वर्षं त्या पाटावर एक आजारी म्हातारा बसायचा. आता तिथं बसलेला माणूस मला ओळखीचा वाटत नव्हता आणि त्याला आत आणणारी मी होते.

दुसरं अपीलही फेटाळलं गेलं. मागाहून केलेल्या खुलाशापेक्षा पहिलं निवेदन जास्त विश्वासार्ह, असं लिहून आलं. म्हणजे माझी ओळ. मी आज मराठी शाळेत शिकवते, मुलांच्या वह्यांत चांगल्या अक्षराला शेरा देते, आणि दर वेळी ती ओळ डोळ्यांसमोर उभी राहते. ती वेलांट्यांसकट मला पाठ आहे.

आता फक्त सैनिकांच्या दाव्यांचा लवाद उरला आहे. गेल्या महिन्यात वकील म्हणाले, सगळी हकीकत पहिल्यापासून लिहून आणा.  आबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "लिख. तुन्हं अक्षर चांगलं शे."

मी लिहिलं. चौकी, बर्फ, आजोबा, नाला, सगळं. आणि शेवटी लिहिलं : पहिल्या अर्जातली ती ओळ माझ्या वडिलांनी सांगितलेली नाही, ती मी त्यांना न विचारता घातली.

या वेळी आबांनी सही करण्याआधी वाचलं. बोट ठेवत, एकेक शब्द. शेवटच्या ओळीशी थांबले आणि पेन मागितलं.

"हाई नको," ते म्हणाले.

"आबा, त्या एका ओळीवर सगळं अडलंय. ती माझी आहे हे कळलं तर..."

"तू मास्तरीण शेस. कागदवर तुन्हं नाव नको."

स्वतःच्या बापाला त्यांनी उघडं केलं होतं. माझी ओळ मात्र त्यांनी खोडली, पुन्हा पुन्हा, एकही अक्षर वाचता येऊ नये इतकी. मी त्यांचा हात धरला नाही. दुसरा कागद घेतला आणि ती ओळ सोडून बाकी सगळं परत चांगल्या अक्षरात लिहून काढलं.