अळणी जेवणाचा ठराव

"तुमच्या मैत्रिणीला वेड लागलेलं नाही, काकू. यांच्या रक्तातलं सोडियम पार खाली गेलंय."

भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हे म्हणाल्या तेव्हा मी देवकाबाईंच्या स्ट्रेचरचा दांडा धरून उभी होते. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. एकशे बारा. निदान एकशे पस्तीस तरी पाहिजे. या दुखण्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं. सोडियम आपल्याला मुख्यतः मिठातून मिळतं. ते फार उतरलं की मेंदूला सूज येते. माणूस बरळतो, तोल जाऊन पडतो, झटके येतात.

"जेवणात मीठ किती असतं?" त्यांनी विचारलं.

"बंद आहे," मी म्हटलं. "आम्ही तसा ठराव केला."

त्यांना क्षणभर वाटलं असावं की मीही बरळतेय.

त्या दिवशी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. उतरू नये म्हणूनच हे लिहिते आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा तुमच्यासारख्याच एखाद्या निवासात कुणी म्हातारं माणूस अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागलं, तर निदान तुम्ही आमच्यासारखं करू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. चार वर्षांपासून भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे, हायवेपासून थोडं आत असलेल्या एका ज्येष्ठ निवासात राहते. आम्ही पंचेचाळीस जण आहोत. आमराई आहे, एक गाय आहे, आणि व्हरांड्यात एक फळा आहे. फळा माझ्याकडे. रोज सकाळी मी त्यावर बातम्या लिहिते. कुणाचा वाढदिवस, कुणाकडे पाहुणे येणार, भाजी कोणती. शेवटची ओळ मात्र ठरलेली, व्यवस्थापकांनी सांगितलेली: सर्व मंडळी ठणठणीत. मग फळ्याचा फोटो मुलाबाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. मुलं अंगठा दाखवतात आणि आपापल्या कामाला लागतात.

देवकाबाई माझ्या खोलीत राहतात. बपेऱ्याकडच्या, ढिवराच्या घरच्या. जन्मभर नदीतल्या मासोळ्या तुमसरच्या बाजारात विकल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून रोज सकाळी मी त्यांना फळा वाचून दाखवायची. शेवटच्या ओळीला त्यांचं एकच उत्तर असायचं. "गुडघे सोडून." मी वाचायची, सर्व मंडळी ठणठणीत, आणि त्या म्हणायच्या, गुडघे सोडून. तीन वर्षं हे चाललं, एक दिवस चुकला नाही.

मग निवासात बीपीचं शिबिर झालं. बऱ्याच जणांचं बीपी जास्त निघालं. आमच्याकडे दर मंगळवारी येणाऱ्या डॉक्टरांनी देवकाबाईंना नवी गोळी सुरू केली. थायझाइड जातीची. आम्ही तिला पाण्याची गोळी म्हणतो, कारण ती लघवीवाटे पाणी बाहेर काढते. पाण्याबरोबर मीठही काढते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की मीठ जरा कमी करा.

कमी करा म्हणाले, बंद करा म्हणाले नाहीत. पण आमचे व्यवस्थापक उत्साही गृहस्थ आहेत. त्यांनी भोजन समितीची बैठक बोलावली. "प्रत्येकाचं वेगळं कुठं शिजवत बसायचं? सगळ्यांचंच मीठ बंद करून टाकू. आणि रोज तीन लिटर पाणी." समितीत आम्ही पाच जण, पाचही पेन्शनर. सगळा जन्म बैठकांत गेलेला. आमच्यासमोर ठराव आला की वाचायच्या आधी हात वर जातो. माझाही गेला. मीच सचिव, मीच ठराव लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी रंगीत खडूनं फळ्यावर लिहिलं: आजपासून आपले भोजन अळणी. अक्षर फार सुंदर आलं होतं. दोघातिघांनी कौतुकही केलं.

पंचेचाळीस माणसं, पंचेचाळीस दुखणी, आणि इलाज एका गंजात शिजवलेला. एवढी शिकलेली माणसं आम्ही, एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

ठरावात पुढचं कलम होतं. बाहेरचे खारट पदार्थ जमा करावेत. खोल्या तपासायचं काम समितीकडे आलं. देवकाबाईंच्या खाटेखाली एक पत्र्याचा डबा होता. त्यात मीठ लावून सुकवलेले झिंगे आणि आंब्याचं लोणचं. त्या म्हणाल्या, "बाई, तेवढं राहू द्या ना वो. त्याच्याबिगर मले घास उतरत नाई."

मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा." शाळेत हजार वेळा म्हटलेलं वाक्य. डबा मीच ओढून काढला आणि मीच नेऊन दिला.

पाचव्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं. मळमळतं म्हणायच्या. सातव्या दिवशी डोकं जड झालं, पाय लटपटायला लागले. आम्ही म्हटलं, पाणी पीत जा. पाणी पाजलंही, तांब्यावर तांब्या. म्हणजे उरलंसुरलं मीठ आम्ही अजून पातळ केलं. दहाव्या दिवशी सकाळी मी फळा वाचला, सर्व मंडळी ठणठणीत, आणि थांबले. त्यांचं ठरलेलं उत्तर आलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "डोंगा कुठी बांधला वो?"

खोलीत त्या होडी शोधत होत्या.

तेव्हाच मी त्यांना उचलून भंडाऱ्याला न्यायला हवं होतं. नेलं नाही. वय झालं, असं मीही मनात म्हटलं.

बाराव्या दिवशी त्या गोठ्यात सापडल्या. गाईच्या गव्हाणीत खडेमीठ ठेवलेलं असतं, तो खडा हातात घेऊन चाटत बसल्या होत्या. गाईला मीठ होतं बरं का. गाईला मीठ लागतं हे आमच्या निवासात सगळ्यांना ठाऊक होतं. व्हरांड्यातले लोक हसले. मला लाज वाटली. मी दंडाला धरून त्यांना ओढत आणलं, तोंड पुसलं आणि रागावले. त्या लहान मुलीसारख्या रडल्या. ते रडणं आठवलं की आजही माझा हात मला नकोसा होतो.

व्यवस्थापकांना मात्र पुरावा मिळाला. मंगळवारी डॉक्टर आले, दाराशी उभं राहूनच विचारलं, आज वार कोणता? देवकाबाई म्हणाल्या, "बाजाराचा." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, डिमेन्शिया. म्हणजे स्मृतिभ्रंश. "वयच झालंय. आता असंच चालायचं." रक्त तपासलं नाही. जीभ पाहिली नाही. नवी गोळी कधी सुरू केली, तेही विचारलं नाही. सुरू त्यांनीच केली होती.

आमच्याकडे मागे एक खोली आहे. भ्रमिष्ट झालेल्या माणसांना तिथं ठेवतात. बाहेरून कडी असते. तिथं गेलेलं माणूस परत पुढच्या व्हरांड्यात आलेलं मी चार वर्षांत पाहिलं नाही. गुरुवारी देवकाबाईंना तिकडे हलवायचं ठरलं. मी त्यांच्या नागपूरच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, तुमी लोकं पाहून घ्या. काल तं ठणठणीत लिवलं होतं ना?" त्याच्यावर मी कशी चिडू? लिहिणारी मीच.

गुरुवारी सकाळी त्यांचं बोचकं बांधलं. त्यांना खाटेवरून उठवायला गेले तर डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपायांना झटके यायला लागले. अर्धा मिनिट असेल. मग अंग एकदम सैल पडलं. व्यवस्थापक दारात आले आणि म्हणाले, "घाबरू नका मॅडम, मंगळवारी डॉक्टर येतीलच."

मी एरवी पुस्तकी मराठी बोलते. राग आला की माझी बोली बाहेर पडते. "मंगळवारपर्यंत हिले काय फळ्यावर टांगून ठेवू? काहून उभे राह्यले तुमी? गाडी काढा."

निवासाची गाडी देणगीदार पाहुण्यांना आणायला गेली होती. स्वयंपाक करणारी वंदना पीठ लागलेल्या हातांनी हायवेपर्यंत पळत गेली आणि ऑटो घेऊन आली. आम्ही दोघींनी देवकाबाईंना मांडीवर आडवं घेतलं. व्यवस्थापक ऑटोला टेकून सांगत होते की ग्रुपवर काही टाकू नका.

हे सगळं मी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना सांगितलं. गोळी, पाणी, ठराव, डबा. मग गव्हाणीतल्या खड्याचंही सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांत त्या एकट्याच शहाण्या होत्या, काकू. शरीराला काय कमी पडतंय ते त्यांना कळलं होतं."

उपचार म्हणजे सलाइनच, पण जास्त मिठाचं. थ्री पर्सेंट म्हणतात. ते थेंब थेंब देतात. बाटली इतकी हळू का चाललीय म्हणून मी नर्सशी भांडले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की सोडियम भराभर वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासून बेतानं चढवायचं. नंतर त्या नर्सची माफी मागितली. तिनं मला चहा आणून दिला.

पहिल्या दिवशी एकशे सतरा. देवकाबाई कण्हत होत्या, ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी एकशे चोवीस. मला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, पण पाणी मागितलं. मी बाकावर बसून रक्ताच्या चिठ्ठीची वाट पाहायची. बाकावर माझ्याशेजारी पवनीकडचा एक माणूस बापाला घेऊन बसला होता. त्याच्या बापाचंही तसंच, चार दिवसांपासून बरळणं. मी त्याला म्हटलं, "सोडियम तपासा म्हणा. विसरू नका. माहं नाव सांगा पाहिजे तं."

तिसऱ्या दिवशी एकशे तीस. दुपारी देवकाबाईंनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, मले इथं काहून आनलं?"

"बरं नव्हतं तुमाले. आता ठणठणीत आहात."

"गुडघे सोडून," त्या म्हणाल्या.

मी ओढणी तोंडावर घेऊन बसले.

मग त्यांनी विचारलं, "माहा डबा कुठी हाये?" मी सांगितलं. काही लपवलं नाही. डबा मी काढून दिला, गोठ्यातून मी ओढून आणलं, ठरावही मी लिहिला. त्यांनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळचं जेवण आलं तरी माझ्याशी बोलल्या नाहीत. वंदनाच्या हातून खाल्लं.

आठव्या दिवशी आम्ही परतलो. पाण्याची गोळी बंद, बीपीची दुसरी सुरू. जेवणात मीठ बेताचं, पण मीठ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर लिहिलं: देवकाबाईंना वेड लागले नव्हते. आपण त्यांचे मीठ काढून घेतले होते. ठराव माझ्या हातचा आहे. तो मी फाडला. मागच्या खोलीतल्या तिघांचे रक्त कुणी कधी तपासले आहे काय?

व्यवस्थापक डस्टर घेऊन आले. "मॅडम, बाहेरच्यांना काय वाटेल?"

"जे वाटायचं ते वाटू द्या," मी म्हटलं. समितीतले चारही म्हातारे फळ्यासमोर खुर्च्या टाकून बसले. ठरावाला हात वर करणारे तेच. जेवणाची घंटा झाली तरी उठले नाहीत. वंदनानं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्या दिवशी कुणी अंगठा दाखवला नाही. फोन आले. दुपारी मागच्या खोलीची कडी निघाली आणि तिघांना भंडाऱ्याला नेलं. दोघांचं दुखणं खरंच स्मृतिभ्रंशाचं निघालं. तिसरे, शांतारामजी, त्यांचं सोडियम कमी होतं. किती दिवसांपासून, ते आता कळायला मार्ग नाही. ते मागच्या खोलीत दीड वर्ष होते.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. म्हातारं माणूस काही दिवसांत बदललं तर वयावर ढकलू नका. नवी गोळी कोणती सुरू झाली ते विचारा. रक्तातलं सोडियम तपासायला सांगा, साधी तपासणी आहे. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि कुणी दारात उभं राहून वय झालं म्हणालं, तर त्याला आत बोलवा आणि खुर्चीवर बसवा.

त्या डॉक्टरीणबाईंची, त्या नर्सची आणि वंदनाची मी ऋणी आहे. स्वतःला मी माफ केलेलं नाही.

देवकाबाईंच्या मुलानं नागपूरहून नवा डबा आणला आहे, झिंग्यांचा. दिवसाला दोनतीन चालतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या डब्याला कुलूप आहे. किल्ली त्या कमरेला खोचतात. सकाळी मी फळा वाचून दाखवते. ठणठणीतची ओळ आता फळ्यावर नसते, तरी मी थांबले की त्या म्हणतात, गुडघे सोडून. जेवताना डबा उघडतात, दोन झिंगे आपल्या ताटात घेतात, एक माझ्या ताटात टाकतात. मग माझ्यादेखत डब्याला कुलूप लावतात.