हात काढला नाही

बाळंतपणानंतर माझ्या सुनेचं रक्त थांबत नव्हतं. धुळ्याच्या दवाखान्यातली नर्स तिचं पोट दाबून चोळत होती. घाम खांद्याला पुसायची, पण हात काढत नव्हती. दारातून क्लार्क ओरडला, "सिस्टर, मशीनवर अंगठा लावा, नाहीतर गैरहजेरी पडेल."

"पडू दे, भाऊ. हात काढला तर ही पोर जाईल."

गैरहजेरी पडलीच. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "अक्का, गैरहजेरीचं काही नाही. पण बाई वाचली का, हे गैरहजेरी लावणाऱ्या साहेबांनी विचारलंच नाही." त्यानंतर ती चादरी बदलत राहिली.

मीही तिचं नाव विचारलं नाही. अजून धुळ्याला गेले की त्या वॉर्डात डोकावते. तिची बदली झाली म्हणतात. एकदा तरी दिसावी.

सून आणि नात, दोघी जगल्या.