पाच केळींचं पाणी

ते प्रकरण कागदावर केव्हाच बंद झालं. मी मात्र अजून अधूनमधून ते उघडून बसते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी विचारलं, "मॅडम, तुमची एखादी केस सांगा," तर माझ्या तोंडी आधी यावलकडचा तो केळीचा मळा येतो.

मी शिपाई म्हणून भरती झाले. शिक्षण बेताचं. ड्यूटी सांभाळून खात्याच्या परीक्षा दिल्या आणि फौजदार झाले. त्यामुळे माझं लिहिणं बोलण्यासारखंच आहे, सांभाळून घ्या. नावं कोणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथंच राहतात.

तेव्हा मी केळी पट्ट्यातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. चैत्राचं ऊन होतं, ठाण्याच्या पत्र्याखाली बसवत नव्हतं. धुळ्याकडून फोन आला. सोनगीरजवळ नाकाबंदीत एक माणूस पकडला होता. त्याच्या पिशवीत गावठी पिस्तूल सापडलं होतं. त्यानं सांगितलं होतं की माल तुमच्या हद्दीतून, एका केळीच्या मळ्यातून घेतला आणि पिशवी मळ्याच्या सालदारानं हातात दिली.

आमच्याकडे सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं साल संपतं आणि नवं ठरतं. ह्या माणसाची त्या मळ्यावर नऊ सालं झालेली. बायकोसह मळ्यातल्या खोलीतच राहायचा, आखाजीच्या तोंडावर तेवढा गावातल्या घरी जायचा. आम्ही गेलो तेव्हा तो गावातच होता. जीप दारात उभी केली आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत, त्याला मागे बसवलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आरोपी मिळाला होता. स्टेशन डायरीला नोंद झाली, कोर्टानं चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.

तो बोलेना. चाळिशीचा, वाळलेला माणूस, हाताच्या रेघांत केळीच्या चिकाचे काळे डाग. पिशवी दिली का? "दिली." कोणी सांगितलं द्यायला? गप्प. आत काय होतं? "मले नाई मालूम." बाकीचा माल कुठे आहे? गप्प. मी ओरडले, टेबलावर काठी आपटली. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून असायची. मी बाहेर आले की उठून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "तुझा नवरा आता सुटत नाही. त्याला म्हणावं, तोंड उघड." ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, तो घरी बी कमीच बोलते."

मळ्याचे मालक, गाव त्यांना आबा म्हणायचं, सत्तरी ओलांडलेले, रोज सालदारासाठी भाकरी घेऊन यायचे. आमचे हवालदार नाना त्यांना टोचून म्हणाले, "आबा, मालक गड्याला डबा आणतो हे पहिल्यांदा पाहतोय."

आबा म्हणाले, "नऊ वर्षं तो माह्या घरात जेवला, हवालदार. आता तुमच्या घरी आहे म्हनून भाकर बदलू का?"

नानांनी भाकरी उचलून आत नेली.

पिस्तूल मुख्यालयातल्या आर्मोररकडे पाठवलं होतं. हत्यारांची दुरुस्ती करण्यात त्यांची हयात गेलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, हे जमिनीत पुरलेलं होतं. ठेवणाऱ्यानं गंज लागू नये म्हणून पुष्कळ खटाटोप केलाय. तरी पाणी शिरलंय. आणि हा पावसाळ्यातला गंज नाही, ताजा आहे."

मी जीप काढली आणि आबांना घेऊन मळ्यात गेले. केळीच्या मळ्यात ज्यानं उन्हाळ्यात पाऊल ठेवलंय त्याला सांगायला नको, बाहेर अंग भाजतं आणि आत पायाखाली गारवा लागतो. ठिबकच्या नळ्या ओळीनं गेलेल्या, प्रत्येक खोडाशी ओल. कोरडं लोखंड लपवायला ह्याहून वाईट जागा नाही. मग मी ओल शोधायचं सोडलं आणि कोरडी जमीन शोधायला लागले.

बांधापासून सातव्या ओळीत ती सापडली. पाच केळी पिवळ्या पडलेल्या. निसवलेल्या, म्हणजे घड धरलेल्या, पण घडातली फळं बोटाएवढीच राहिलेली. तिथं नळी तोडून मधे बिनछिद्राचा तुकडा जोडला होता. पाणी आधीच्या झाडाला मिळायचं, पुढच्या झाडाला मिळायचं, मधल्या पाचांना नाही.

"आबा, हे काय?"

पिवळं पान हातानं सरळ करत म्हणाले, "रोग हाये म्हने."

"कोण म्हणतं?"

"म्हनतात." आणि तोंड फिरवलं.

पंच बोलावले, खणायला लावलं. कमरेएवढ्या खड्ड्यात एक जाड नळकांडं निघालं. त्यात सहा पिस्तुलं आणि काडतुसं. आत काय काय भरलं होतं, कसं गुंडाळलं होतं, ते इथं लिहीत नाही. ते कोणाला शिकायला नको. एवढंच सांगते की त्यातलं एकही हत्यार धड राहिलं नव्हतं. लोखंडाला तांबडी बुरशी आल्यासारखी दिसत होती.

नाना खुशीत आले. "मॅडम, संपली केस. पाणी सोडणारा सालदार, नळी तोडणारा सालदार, पिशवी देणारा सालदार. उद्या कोर्टात उभा करू."

मलाही तसंच वाटलं. पंचनाम्यावर सह्या घ्यायला वाकले, तेव्हा त्या पाच खोडांच्या बुंध्याशी नजर गेली. हातानं केलेली आळी होती. मातीचे छोटे गोल, बोटांनी थापलेले. वरची माती सुकलेली, पण बोटानं उकरली तर खाली काळी आणि थोडी ओलसर. दोन झाडं सोडून, पानांच्या ढिगाखाली तेलाचा रिकामा डबा होता, त्याला तारेची कडी. चैत्रात पंधरा दिवस केळीला पाणी नसेल तर ती उभी राहत नाही. ह्या पाच पिवळ्या होत्या, पण उभ्या होत्या.

डबा घेऊन ठाण्यात आले. सालदाराला लॉकअपमधून बाहेर काढून समोर बाकावर बसवलं, बाकीच्यांना बाहेर घालवलं. डबा टेबलावर ठेवला. हे काय आहे, असं विचारताना माझी धुळ्याची अहिराणीच तोंडात आली. "भाऊ, हाई काय शे?"

तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं मान वर केली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्याचा. "आबाले सांगू नका, मॅडम."

"काय सांगू नको?"

"त्या पाच झाडायले पानी टाकू नको म्हने धाकला दादा, आबाचा पोऱ्या. रोग पसरते म्हने. म्या हो म्हनलं. पन निसवलेली केळ हाये ती, पोटात घड घेऊन उभी हाये. कसं पाहू? तो गेला का मी डबा डबा पानी टाकत जायचो. दोनदा त्यानं धरलं मले. लई शिव्या देल्ल्या."

"खाली काय आहे ते ठाऊक होतं तुला?"

"खाली? खाली मुळ्या राह्यतात."

खाली लोखंड पुरलंय हे ज्याला ठाऊक आहे, तो वरून पाणी ओतेल का? त्या सहा पिस्तुलांचा सत्यानाश ह्या माणसानं केला होता, डब्याडब्यानं, लपूनछपून, आणि माझ्यासमोर आबांच्या पाच केळींची चोरी कबूल केल्यासारखा बसला होता.

"पिशवीही धाकट्या दादानंच दिली ना?"

त्यानं डबा आपल्याकडे ओढला आणि हळू म्हणाला, "पोऱ्याचं नाव घेतलं तर आबा मरून जाईल, मॅडम. मी तर दोन-चार वर्सांत सुटून येईन."

तीन दिवस ह्याच्या गप्प बसण्याला मी गुन्हा समजत होते.

आता कायद्याची अडचण अशी की नळी कोणी तोडली हे सांगणारा दुसरा माणूस हवा. आरोपीनं मालकाच्या मुलावर ढकललं, एवढ्यावर कोर्ट काय म्हणणार? आणि तो दुसरा माणूस एकच होता. संध्याकाळी आबा भाकरी घेऊन आले. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सालदारानं काय सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं.

आबा म्हणाले, "पन्नास वर्षं केळी लावतो मी. रोग आला तर झाड उपटून फेकतात, मॅडम. पानी कोनी तोडत नाई. हे मले पहिल्याच दिवशी समजलं व्हतं."

"मग विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर त्यानं सांगतलं असतं." आबांनी भाकरीचं फडकं मांडीवर घेतलं, त्याची गाठ सोडली, परत बांधली. "लिहा. नळी माह्या पोरानं तोडली. माह्यासमोर तोडली."

मी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला. आबांनी सही केली. मग भाकरी सालदाराला द्यायला उठले. सोनगीरला पकडलेल्या माणसासमोर तो जबाब ठेवल्यावर त्यानंही खरं सांगितलं, की सौदा आबांच्या धाकट्याशीच ठरला होता. धाकटा मुलगा तोवर पसार झाला होता, तो दोन आठवड्यांनी सुरतेत मिळाला. सालदाराविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी कोर्टात दिला आणि तो सुटला.

इथं संपायला हवं होतं. पण आखाजीच्या आदल्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. "अक्का, त्याले कोनी सालावर ठेवत नाई. आबा या म्हनतात, पन ह्याचे पाय तिकडं वळत नाईत. बाकीचे म्हनतात, पोलिसायनं नेलेला मानूस."

मला राग आला. म्हटलं, मी येते, सगळ्या गावाला सांगते. दुसऱ्या दिवशी वर्दी घालून, जीप घेऊन गेले. सणाचा दिवस, कडुलिंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. जीप त्याच्या दाराशी थांबली तशी गाणी थांबली. शेजारच्या घराचं दार लागलं. तो घरातून बाहेर आला आणि चपला घालायला लागला.

"अरे, न्यायला नाही आले!" मी म्हटलं.

त्याची बायको म्हणाली, "अक्का, गाडी घेऊन आल्या ना तुमी. गावाले काय समजनार?"

ज्या जीपनं त्याला नेलं होतं, तीच घेऊन मी त्याला निर्दोष ठरवायला गेले होते. ड्रायव्हरला गाडी घेऊन परत पाठवलं. ओट्यावर बसले, टोपी काढून बाजूला ठेवली. पुरणपोळी वाढली त्यांनी, ती खाल्ली. तासाभरानं शेजारीण डोकावली, मग तिची सासू आली, मग दोन-तीन म्हातारे आले. त्यांना मी सगळं सांगितलं, डब्याचंही. एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "डबा डबा पानी टाकत व्हता? पाच झाडायले?" आणि तो लाजून हसला. त्या म्हाताऱ्यानंच त्याला आपल्या मळ्यावर साल दिलं. मी एसटीनं परत आले.

अटक करायची तर आम्ही चारचौघांत करतो, आणि सोडायचं तर कोर्टाच्या एका कागदावर सोडतो. तो कागद गावात कोणी वाचत नाही. त्यानंतर माझ्या हातून ज्याला ज्याला चुकून नेलं गेलं, त्याच्या घरी मी दिवसाउजेडी, साध्या लुगड्यात, एसटीनं गेले आणि ओट्यावर बसून चहा घेतला. वरिष्ठ हसायचे. डायरीत त्याची नोंद करायला रकाना नव्हता, म्हणून तेवढे दिवस मी रजेत दाखवले.