अच्छाडचे आठ खड्डे

बादलीभर पाणी ओतायचं आणि विडी पेटवायची. विडी संपायच्या आत पाणी जिरलं, तर काका मान डोलवायचे. नाही जिरलं, तर थोटूक दगडावर विझवून म्हणायचे, “नाय सायेब. ही माती पीत नाय.”

सायेब म्हणजे मी. डिप्लोमा झालेला, गळ्यात ओळखपत्र घालून फिरणारा. आणि ज्या मातीला ते नावं ठेवत होते, ती मीच भरून घेतली होती.

ही २०१६ ची गोष्ट. गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडजवळ एका गोदामाच्या आवारात ट्रक उभे असत. त्यांचं सांडलेलं तेल पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाई, आणि ओढ्याच्या काठावर खालच्या पाड्याची विहीर. म्हणून आवाराच्या कडेने आठ गाळणखड्डे करायचे ठरले. तळाला खडी आणि भोकांचा पाइप, वर वाळू, त्यावर माती आणि मातीत वाळ्याचे ठोंब. पाणी मातीतून गाळलं जाऊन खाली उतरावं, एवढी साधी गोष्ट. मी मात्र खड्डे देखणे करायला गेलो. जेसीबी मागेपुढे फिरवून माती अशी दाबली की वर कॅरम खेळता आला असता. पहिल्याच मोठ्या पावसात आठही खड्ड्यांची डबकी झाली. वर तेलाचा तवंग, त्यावर डास, आणि भरलेलं पाणी काठावरून थेट ओढ्यात.

मग गोदामाच्या शेठनी काकांना आणलं. राहणारे तलासरीकडच्या एका पाड्यातले, पण सगळं आयुष्य डहाणूच्या चिकूवाड्यांत झाडांना आळी करण्यात गेलेलं. पहिला खड्डा बघून त्यांनी विचारलं, “यात हत्ती नाचवला काय?” मजूर हसले. मीही हसलो, पण माझं हसू किती खरं होतं ते तुम्हाला कळलंच असेल.

त्यांची पद्धत एकच होती. खड्ड्यावर आडवी फळी टाकायची, तिच्यावर उकिडवं बसायचं आणि हात घालून माती मोकळी करायची. चिकट माती काढून वाळू आणि पालापाचोळ्याचं खत मिसळायचं. कोणी आत उतरायला गेलं की ओरडायचे, “आळ्यात पाय नको!” मलासुद्धा. एकदा मी त्यांना माती दाबल्यावर तिच्यातली छिद्रं कशी बुजतात यावर चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हां, तेच. पाय नको.”

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेठ वापीहून आले की गाडीतून उतरताच विचारायचे, “काका क्यां छे?” मी समोर उभा असायचो, तरी त्यांना हवे असायचे काका. ढाब्यावरचा चहा आधी काकांना. पाड्यातल्या बायका विहिरीच्या पाण्याचं विचारायला यायच्या, त्याही मला ओलांडून त्यांच्याकडे. मी असा माणूस नव्हतो हो! पण त्या पावसाळ्यात मला दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की पोटात दुखायचं.

सात खड्डे पाणी पिऊ लागले. आठव्याच्या वेळी मी काकांना वाळ्याचे ठोंब आणायला डहाणूला पाठवलं. ठोंब आवारात पुरेसे होते. मला तो खड्डा माझ्या हातचा हवा होता. चार माणसं गमबुटांसकट आत उतरवली, संध्याकाळपर्यंत माती भरली, वर लावणीही केली. काका परतले, खड्ड्यातल्या बुटांच्या ठशांकडे बघत उभे राहिले आणि आणलेले ठोंब सावलीत ठेवले.

दोन दिवसांनी तपासणीचे अधिकारी आले. रात्री पाऊस झाला होता. सात खड्डे कोरडे, आठव्यात घोटाभर पाणी. ते कडाडले, “हा कोणी केला?”

मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले. “माझ्या हातून चुकला सायेब. चार दिवस द्या.”

अधिकारी गेल्यावर मी त्यांना विचारलं, “खोटं का बोललात?”

“तुमची नोकरी हाय. मला काय, मी उद्या वाडीत,” म्हणाले आणि फळी उचलायला गेले. उपकार केल्याचा चेहरा तरी करायचा! तोही नाही. मी त्यांच्यावर तेव्हा जितका जळलो, तितका आयुष्यात कोणावर जळलो नाही.

चार दिवसांनी आठवाही पास झाला. अहवालात ‘अभियंत्याच्या कौशल्यपूर्ण मार्गदर्शनाखाली’ असं वाक्य आलं आणि त्याच्या जोरावर मला बढती मिळाली. मी ते वाक्य कोणाला खोडू दिलं नाही, स्वतःही खोडलं नाही.

२०१९ मध्ये काका गेल्याचं कळलं. दिवसकार्याला त्यांच्या पाड्यावर गेलो. अंगणात माणूस मावत नव्हता. वाडीवाले, ढाब्यावरचे, ओढ्याकाठच्या बायका, जो तो काकांचं काही ना काही सांगत होता. खरं सांगतो, तिथेही माझा जीव जळला. माझ्यामागे एवढी माणसं बोलतील का, हेच मनात येत होतं.

त्यांच्या मुलीने चहा आणून दिला. मला ओळखत नव्हती. “तुम्ही कुठले? बाबांचे कोण?” तिने विचारलं.

मी अभियंता आहे, अच्छाडचं काम माझं होतं, हे वाक्य तीन वर्षांत तोंडात बसलं होतं.

“अच्छाडला त्यांच्या हाताखाली होतो,” मी म्हणालो.

“मग बसा की आतमधी,” ती म्हणाली, आणि घरच्या माणसांत तिने मला जागा करून दिली.